रिकामा पट्टा

"पट्टा असा गोल ठेवू नकोस गं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "उघडून सपाट कर. माणूस गेलं की त्या गोलात पोकळी राहू देऊ नये."

धाकटीने मान डोलावली आणि मनात म्हणाली, झालं, यांचं सुरू! वॉर्डात सगळ्यांत नवी म्हणून सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि शिकवायला जो तो तयार. कारण विचारलं की एकच उत्तर, आम्हाला असंच सांगितलंय. मोठ्या सिस्टर जेवायला गेल्या तशी तिने बीपीचा पट्टा होता तसाच, दंडाच्या आकारात, रिकाम्या खाटेच्या कठड्याला अडकवला. नवा पेशंट आला की पटकन सरकवता येतो. मशीनची वायर मात्र प्लगमधून काढून ठेवली.

त्या खाटेवरची बाई सकाळीच गेली होती. तिला भेटायला कधी कुणी आलं नाही. जवळून जाणाऱ्या प्रत्येकीला ती म्हणायची, "बस ना गं जरा." बसायला सवड कुणाला होती?

बाहेर टळटळीत दुपार होती, पण अतिदक्षता विभागाला खिडकीच नव्हती. आत सदैव तोच फिका उजेड, तोच औषधांचा वास. शेजारच्या खाटेवर शिंपीकाका होते. अंगात संसर्ग भिनलेला, बीपी औषधाच्या पंपावर कसंबसं तग धरून.

"जन्मभर लोकांची मापं घेतली," ते पुटपुटले, "आता तू माझं घेतेस होय!"

"गप पडा काका. लेक निघालीय तुमची. वाटेत आहे."

"ती येईस्तोवर टिकव म्हणजे झालं."

"टिकवते. शब्द दिला."

आणि मॉनिटर कोकलायला लागला.

बीपी घसरत होतं. तिने काकांचे पाय उचलून उशांवर ठेवले, नळी तपासली, पंप तपासला. डॉक्टर धावत आला, त्याने औषध वाढवलं. आकडा खालीच.

"याच्यावर वाढवायला आता जागा नाही," तो म्हणाला आणि सरांना फोन करायला बाहेर पळाला.

तेवढ्यात मागे काहीतरी घुरघुरलं. मग हवा भरल्याचा आवाज... फुस्स्... फुस्स्...

तिने वळून पाहिलं. रिकाम्या खाटेवरचा पट्टा फुगत होता, आत दंड असावा तसा. हवा हळूहळू सुटली. त्या खाटेच्या बंद मशीनच्या पडद्यावर आकडा उमटला. वायर जमिनीवर तशीच पडलेली.

पट्टा पुन्हा फुगला. काकांचा आकडा आणखी उतरला, रिकाम्या खाटेवरचा चढला. जेवढं इकडचं जात होतं, तेवढंच तिकडे...

तिने पट्टा ओढला. चिकटपट्टी सुटेना. आतून तो ऊबदार होता.

"सोडा त्यांना," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांची मुलगी येतेय हो..."

काका ओठ हलवत होते, आवाज फुटत नव्हता. धाकटीने बाही वर सारली. रिकाम्या खाटेच्या कडेला बसली आणि हात पट्ट्यात घातला.

"हे घ्या. बसले."

पट्टा आवळला. बोटांपासून खांद्यापर्यंत गारठा चढत गेला. समोर काकांचा आकडा थबकला, मग सावकाश वर सरकू लागला.

"लागू पडलं वाटतं औषध!" डॉक्टर दारातूनच म्हणाला.

तिने हात काढून घेतला. या खेपेला पट्टा मुकाट सुटला. तिने तो उघडला, सपाट केला, वर तळहाताने दाबून ठेवला.

संध्याकाळी लेक आली. काकांनी डोळे उघडून तिच्या कुडत्याची शिवण चाचपली आणि नाक मुरडलं. ती हसता हसता रडली.

ड्यूटी संपवून धाकटी आपल्या खोलीकडे निघाली. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली. एकटीचीच खोली, एकच खाट. ती टेकली, आणि पट्टा नसलेला दंड आवळला गेला. थोडं थांबून सुटला. तिने बाही वर करून पाहिलं. पट्ट्याच्या रुंदीचा फिकट वळ होता. दंड पुन्हा आवळला, पुन्हा सुटला.

आईला फोन लावावा म्हणून तिने मोबाइल उचलला. काय सांगणार? खाली ठेवला.

दंड तिसऱ्यांदा आवळला. तो सुटायची वाट बघत ती बसली. शेजारी गादी हलकेच दबली, कुणीतरी टेकावं तशी.

हात सुटला नाही.