चाळीसच्या वर

सकाळचा चहा झाला की सांगलीतल्या त्या सोसायटीतले तेवीस ज्येष्ठ आपापल्या फोनला ‘काल काय जेवलो’ ते सांगत. फोनला जेवणाशी काही कर्तव्य नव्हतं. शब्द सापडेपर्यंत माणूस किती थांबतो तेवढं तो मोजे आणि प्रत्येकाचा ‘अडखळांक’ सगळ्यांच्या सामायिक ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये भरे. अंक चाळीसच्या वर गेला की तो चौकोन आपोआप केशरी होई आणि बाराच्या ठोक्याला घरच्यांना नि डॉक्टरांना निरोप जाई. विस्मरण इतक्या लवकर पकडलं तर नवं औषध लागू पडत होतं.

रंगाचा हा नियम कुमुदिनी टिपणीसांनी स्वतः घातला होता. पोस्टात हयात गेलेली बाई. नियम म्हणजे नियम. पण आज साडेअकराला त्यांनी स्प्रेडशीट उघडली, तर केशरी चौकोन त्यांचाच. त्रेचाळीस! निरोप गेला की मुलगा येणार आणि घराला कुलूप लावून त्यांना बंगळूरला नेणार. तसं त्यानं बजावूनच ठेवलं होतं. नियम उघडून त्यांनी चाळीसचे पंचेचाळीस केले. चौकोन पांढरा झाला.

तेवढ्यात बेल वाजली. शेजारचे शेंडगेअण्णा कढीपत्त्याची जुडी घेऊन दारात उभे.

“ताई, माझा रंग काय ओ आज? सून लई काळजी करतीया.”

त्यांनी पाहिलं. चव्वेचाळीस.

“पांढरा,” त्या म्हणाल्या आणि चरकल्या. नियम एकट्या त्यांच्या चौकोनाचा नव्हता, अख्ख्या रकान्याचा होता. आपल्यापायी अण्णांचं औषध हुकणार होतं.

“मग डॉक्टर नको. सुटलो बघा!” जुडी टेबलावर ठेवून अण्णा खुशीत खुर्चीवर टेकले.

कुमुदताईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पुन्हा चाळीस केले. दोघांचेही चौकोन केशरी झाले. आपली लबाडी कुठे राहिली तर नाही, म्हणून त्यांनी बदलांची नोंद उघडली. आताच्या दोन बदलांआधी आणखी चार होते. साडेनऊला पंचेचाळीस, पावणेदहाला चाळीस. साडेदहाला पंचेचाळीस, पावणेअकराला चाळीस. नाव दर वेळी त्यांचंच. त्यांना यातलं काहीच आठवत नव्हतं. नजर स्वयंपाकघराच्या ओट्याकडे गेली. तिथं कढीपत्त्याच्या दोन जुड्या आधीच पडल्या होत्या.

“अण्णा, बारा वाजेपर्यंत इथंच बसा. मी कॉम्प्युटरला हात लावला तर ओरडा माझ्यावर.”

“बसतो की. पन कशापायी?”

त्यांनी सगळं सांगितलं, अण्णांचा खरा रंगसुद्धा. अण्णांनी मान हलवली.

कुमुदताईंनी चहाचं आधण ठेवलं. चहा उकळून गाळेपर्यंत अण्णांनी टेबलावरची जुडी उचलून त्यांच्यापुढे धरली.

“ताई, माझा रंग काय ओ आज?”

बाराला पाच मिनिटं होती. तेवढा वेळ दोघांपैकी एकाला तरी लक्षात राहील का?