तुटलेलं टोक

कोणी हसो, कोणी नावं ठेवो. पुष्पलताबाईंच्या बाबतीत हे घडलं आहे. गेल्या मे महिन्यात, नागपूरला, धंतोलीतल्या एका दवाखान्यात. भर दुपारी.

त्यांचे यजमान नत्थूजी उमरेडचे विणकर. दोन महिन्यांत माणूस विझत गेला. चालणं गेलं, बोलणं गेलं. बायकोची ओळखही गेली.

डॉक्टर म्हणाले, "प्रायॉनचा आजार आहे. मेंदू पोखरतो. औषध नाही."

"मंग हे तपासनं काहून?"

"मेंदूपासून हातापर्यंतची वाट किती उरली, ते कळेल."

बाईंना एवढंच हवं होतं... त्या हातानं एकदा, ओळखून, आपला हात धरावा.

मशीनवर सोनिका नावाची मुलगी होती. तिनं नत्थूजींच्या अंगठ्याला तारा लावल्या. डोक्यावर मशीनची चकती धरली. ती वाजली.

टक्... अंगठा उडाला.

टक्... पुन्हा उडाला.

"हे ते नाही करत, काकू. मशीन करून राहिली," ती म्हणाली. "हात नका लावू हं."

मग तिनं मशीन बंद केली.

बाहेरच्या कूलरची घरघरही थांबल्यासारखी वाटली...

अंगठा उडाला.

आणि मग, त्याच्या मागून, बंद चकतीतून... टक्.

सोनिकाच्या हातातली चकती पडली. ती डॉक्टरांना बोलवायला धावली.

आता अंगठा बोटावर घासत होता. बाईंनी ती खूण ओळखली. मागावर धागा तुटला की नत्थूजी न बघता असाच हात पुढे करायचे. बाई त्यात टोक द्यायच्या.

"घट्ट पीळ दे वं," ते चिडवायचे. "तुह्या हातचा धागा म्हणजे शेवई!"

इथे धागा कुठला? बाईंनी आपलं बोटच त्या चिमटीत दिलं.

"घ्या जी... मीच आहो."

चिमूट मिटली. पीळ बसला...

मग हात सुटला.

डॉक्टर आले तेव्हा नत्थूजी गेले होते. डॉक्टरांनी मशीनमधली नोंद काढून पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत रेघ सपाट होती.

"वाट केव्हाच बंद झाली होती," ते म्हणाले. "हात हललाच नाही."

"मी पाहिला ना, सर," सोनिका पुटपुटली.

बाई आपलं बोट बघत होत्या. त्यांच्या बोटाभोवती पांढऱ्या सुताची गाठ होती. विणकराची. खोलीत सूत नव्हतं.

ती गाठ अजून सुटलेली नाही. कात्रीनंही कापली जात नाही.

परवा मी, त्यांचा शेजारी, त्यांच्याकडे बसलो होतो. बोलता बोलता बाईंचा अंगठा उडाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलणं अर्धंच राहिलं...

आणि आम्ही दोघंही त्या 'टक्'साठी कान देऊन बसलो.