पाय पुढे!

या, बसा. ते शटर जरा खाली ओढ, डास येतात. हां. तर तुला ती क्रूझर बाइक देऊन स्पोर्ट टूरर घ्यायचीय. घे की, मी कोण अडवणारा? गाडी झकास आहे, पळते, पाठीला आराम देते. फक्त एक ऐकून घे आणि मग काय ते ठरव. आणि तू रे, हसू नकोस. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलेलं नाही, पण ज्याच्यावर गुदरलं तो माझा शाळेपासूनचा दोस्त. शिवाय शेवटी जे झालं ते माझ्या गॅरेजातल्या याच बाकावर झालं, माझ्या हातांनी.

तो गाड्यांच्या सीटा शिवायचा. आम्ही सगळे त्याला गादीवालाच म्हणायचो. दिवसभर लोकांच्या बुडाची सोय बघायची आणि स्वतःची कंबर कामातून गेलेली, असा प्रकार. क्रूझरवर आपण आरामखुर्चीत बसल्यासारखे बसतो ना, पाय पुढे ताणून? दिसायला राजेशाही, पण प्रत्येक खड्डा थेट माकडहाडात. डॉक्टर म्हणाला, गाडी बदला नाहीतर पाठ बदला. पाठ कुठे मिळते? मग त्याने क्रूझर बदल्यात देऊन जुनी स्पोर्ट टूरर घेतली. मीच तपासून दिली. गाडीत खोट काढायला जागा नव्हती.

आता नीट ऐक, मुद्दा इथे आहे. क्रूझरवर ब्रेकचं पेडल पार पुढे असतं. टूररवर पाय दुमडून खाली, पेडल तिथेच बुटाजवळ. डोक्याला हे दोन मिनिटांत कळतं. पायाला कळत नाही. माणूस दचकला की पाय आपला जुन्या जागी जातो आणि तिथे असते नुसती हवा. मी त्याला बजावलं होतं, महिनाभर रात्रीची काढू नकोस, मागे कुणाला घेऊ नकोस. पण ऐकेल तर तो गादीवाला कसला.

आणखी एक. ती क्रूझर मुळात त्याच्या थोरल्या भावाची. थोरला म्हणजे अंगाने रेडा आणि डोक्याने त्याहून रेडा. माया करायची तीसुद्धा लाथ घालून. ह्याला गाडी त्यानेच शिकवली. स्वतः मागे बसायचा. ह्याचं चुकलं की हेल्मेटवर बुक्की, मांडीवर बुक्की, आणि कानात ओरडायचा, "पाय पुढे!" एकदा ह्याची बरगडी मोडली, तरी गाडी थांबवू दिली नाही. तो थोरला वारला. आजारात गेला, डॉक्टरांना शिव्या देत गेला. गाडी ह्याच्याकडे आली. ती बदल्यात देऊन आला त्या दिवशी इथेच उभा राहून मला म्हणाला, "सुटलो रे बाबा एकदाचा."

तर नोव्हेंबरची एकोणीस तारीख. मंगळवार. गादीवाल्याची लेक नर्सिंगला, सुट्टीवर घरी येत होती. बसचा टायर फुटला, उशीर झाला, आणि पावणेअकराला तिचा फोन, "बाबा, फाट्यावर उतरवलंय. एकही रिक्षा नाही." वहिनी म्हणाल्या, शेजाऱ्यांची गाडी मागा. हा म्हणाला, आता कुणाला उठवायचं? दुसरं हेल्मेट कोपरात अडकवलं आणि निघाला.

रस्ता कोरडा, गाडी लोण्यासारखी. पाठ दुखत नव्हती म्हणून स्वारी खुशीत. गुणगुणत होता म्हणे. वस्ती संपली, दिवे संपले, तसा हेल्मेटवर मागून ठोका बसला.

त्याला वाटलं, वटवाघूळ आपटलं असेल.

थोडं पुढे गेला, दुसरा ठोका. ह्यावेळी डोळ्यांपुढे काजवे चमकले. जीभ चावली गेली. आरशात पाहिलं. मागे रस्ता, अंधार. सीट रिकामी.

मग उजव्या मांडीवर बुक्की बसली. अशी की हाडापर्यंत गेली. पाय आपोआप पुढे फेकला गेला, पेडल शोधायला. हवा. गाडी वळणावर सरळच निघाली, खडीवर घसरली. कशीबशी हातानेच सावरली त्याने. उभा राहिला. तोंडात रक्त.

आणि कानाशी... श्वास. हेल्मेटच्या आत.

काय आहे ते त्याला कळलं होतं. मला स्वतः सांगितलं त्याने, "मारच ओळखीचा होता रे." घराकडे वळायचं त्याच्या मनात आलं. पण फाट्यावर पोरगी एकटी होती. गेला पुढे.

फाट्यावर टायरवाल्याचं बंद दुकान. त्याच्या ओट्यावर तिघं पीत बसलेले. पोरगी खांबाखाली, बॅग छातीशी धरून. त्यातला एक उठून तिच्याकडेच चालला होता. ह्याने हेडलाइट थेट त्याच्या तोंडावर मारला, तसा तो थबकला.

"बाबा, हे काय, शर्यतीला निघालात?" पोरगी हसली. मग त्याचं तोंड पाहिलं. "रक्त कसलं?"

"जीभ चावली. बस लवकर."

हेल्मेट घालून ती चढली. उतरली. पुन्हा चढली.

"बाबा, जरा पुढे सरका ना."

"अगं, टाकीला चिकटलोय मी."

"मग... जागा का नाही?"

त्याने ओट्याकडे पाहिलं. तिकडे ते तिघंही आता उठले होते. पोरगी सीटच्या पार टोकाला, अर्धी बाहेर बसली. हात लांब करून तिने त्याचं जॅकेट धरलं. ह्याने गाडी सोडली.

तू पाणी पी जरा. पी. घसा कोरडा पडलाय तुझा.

हां. तर कमरेला दोन हात. लेकीचे. बारीक, गार.

मग तिसरा हात. गळ्याला.

जाड हात. केसाळ. कोपर हनुवटीखाली अडकलं आणि आवळायला लागलं. ह्याने डाव्या हाताने तो उपटायचा प्रयत्न केला. नखं बसली, कातडी सोलली गेली. स्वतःच्याच गळ्याची. पोरगी मागून ओरडतेय, "बाबा, हळू! बाबा!" आणि ह्याची उजवी मूठ कुणीतरी वरून दाबून पिळतंय. वेग वाढतोय. पुढच्या ब्रेकवर बोटं जाईनात.

मांडीवर बुक्की. पुन्हा. पुन्हा त्याच जागी.

"पाय पुढे!"

हे त्याला ऐकू आलं. पोरीला नाही.

आणि समोर ट्रक. बंद पडलेला, रस्त्यावर आडवा. दिवे नाहीत.

पाय पुढे गेला. हवा. पुन्हा गेला. हवा... ट्रकची फळी मोठी व्हायला लागली. तिच्यावरचे खिळे दिसायला लागले.

तेव्हा तो चिडला. आयुष्यात पहिल्यांदा. मार खाऊन खाऊन म्हातारा झालेला माणूस. पण मागे त्याची लेक होती. त्याने मान पुढे घेतली आणि डोकं मागे हाणलं. सगळा जीव एकवटून. काहीतरी फुटलं. पुन्हा हाणलं. "मेलायस तू!" ओरडला, "मेलायस! माझी पोर आहे मागे!" तिसऱ्यांदा हाणलं. गळ्याची पकड सुटली.

पाय मागे ओढला. पेडल मिळालं. बोटांना पुढचा ब्रेकही मिळाला.

गाडी आडवी झाली. ठिणग्या. पोरगी उडून शेतात पडली, मऊ मातीत. हा गाडीबरोबर घासत गेला आणि ट्रकच्या चाकाला जाऊन थडकला.

मग... काही नाही. इंजिनाची टिकटिक.

मला वहिनींचा फोन आला तशी मी धावत दवाखान्यात गेलो. पोरीच्या गळ्याजवळचं हाड मोडलेलं, बाकी धडधाकट. ती जिवंत आहे ना, एवढंच तो पुन्हा पुन्हा विचारत होता आणि लहान पोरासारखा रडत होता. त्याची मांडी बुटासारखी काळी. पोरीला मी हळूच विचारलं. म्हणाली, "काका, बाबा डोकं मागे आपटत होते. आवाज एवढा मोठा आला! पण मला लागलंच नाही. त्यांचं डोकं माझ्यापर्यंत पोचतच नव्हतं." तिचं हेल्मेट मी दिव्याखाली धरून पाहिलं. पुढच्या काचेवर ओरखडाही नव्हता.

आज तो चालतो, थोडा लंगडतो. लेक नोकरीला लागली. तीच टूरर चालवतो अजून, मी दुरुस्त करून दिली. कुणी मारत नाही म्हणतो.

पण त्याचं हेल्मेट. ते मी दुसऱ्या दिवशी दुपारी इथे आणलं, ह्या बाकावर ठेवलं. मागच्या बाजूला तीन खड्डे. मधल्यात काहीतरी रुतलेलं. मला वाटलं खडी असेल. पक्कड लावली. निघेना. पाय देऊन ओढलं, तेव्हा निघालं.

दात होता. पुढचा, रुंद, पिवळा. मुळासकट.

मी दवाखान्यात गेलो परत. बापाला आ करायला लावला, लेकीला आ करायला लावला. दोघांचे सगळे दात जागच्या जागी.

आणि मुळाशी रक्त होतं. माझ्या अंगठ्याला लागलं. रात्र उलटून दुपार झालेली, हेल्मेट रात्रभर उघड्यावर पडलेलं...

रक्त गरम होतं.