अठरा किलो

टिंडाराच्या धावपट्टीला लागून पत्र्याची एक शेड आहे आणि शेडच्या दारातच लोकरीचे गठ्ठे तोलायचा जुना काटा आहे. विमानातून नदीचा मुलूख बघायला येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या काट्यावर उभं राहावं लागतं. विमान सहा आसनांचं. कोण किती भाराचा आहे ते कळल्याशिवाय क्लेम डार्गन इंजिनाला हात लावत नाही.

काट्यामागं टेबलाशी नोला बसते. नवरा गेल्यावर चार वर्षांपूर्वी समुद्राकाठचं गाव सोडून ती इथं कामाला आली. माणसं वजनाला लाजतात, म्हणून तिनं स्वतःच एक रीत घालून घेतली होती. मान वर करायची नाही. काटा स्थिरावला की तबकडीतून 'टक्' असा आवाज येतो. मग ती आकडा मोठ्यानं वाचणार आणि विचारणार, "नाव?" ते लिहून झालं की, "आडनाव?" समोरच्याचं तोंड ती पुढं चहा देताना बघायची.

त्या सकाळी तिघं होते. ॲडलेडहून आलेले गॉर्डन पेटिफर, औषधांचं दुकान विकून मोकळे झालेले, त्यांच्या पत्नी थेल्मा, आणि एकटीच आलेली एक बाई. गॉर्डन काट्यावर चढले.

"एकशे चार," नोला म्हणाली.

"घरी तर ब्याण्णव सांगतात," थेल्माबाई म्हणाल्या.

"घरचा काटा नवऱ्याचं ऐकतो, बाई. हा मेंढ्यांकडचा आहे."

क्लेम बाहेर पंखाखाली उभा राहून इंधनात पाणी तर नाही ना ते बघत होता. नवराबायकोची थट्टा ऐकून तो गालात हसला. मग पुन्हा टक् वाजलं.

"छप्पन्न. नाव?"

"आयरिस."

"आडनाव?"

"फोगेल."

क्लेमच्या हातातली बाटली कलली आणि इंधनाचा ओघळ त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेला.

लिंडसे फोगेलची ही धाकटी बहीण. लिंडसे क्लेमचा सोबती. विमानात इंधन भरायचा, मधल्या टेकाडावरची धावपट्टी राखायचा, आणि महिन्यातून एकदा पाद्रीबाबा येऊन गावच्या हॉलमध्ये उपासना घ्यायचे तेव्हा मागच्या बाकावरून असा खर्ज लावायचा की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांना वाटायचं, लाकडी जमीनच गातेय. संध्याकाळची एक प्रार्थना त्याची खास होती. तिचं शेवटचं कडवं सगळे गप्प होऊन त्याला एकट्याला गाऊ द्यायचे. अशा गाण्यात माणूस स्वतःपुरता उरत नाही. ऐकणाऱ्यांचंही मन निवळतं. लिंडसे गेल्यापासून ते कडवं गावात कुणी गायलं नव्हतं.

आयरिस बाहेर आली. तिचे केस पिकले होते. तिनं क्लेमचा हात हातात घेतला, इंधनाच्या वासासकट.

"मला ते टेकाड बघायचंय, क्लेम. आणि तुला एक विचारायचंय. इथं नको, परत येताना."

काय विचारणार ते क्लेमला ठाऊक होतं. अकरा वर्षं तो त्याच प्रश्नाची वाट बघत होता.

नोलानं कागद आणून दिला. त्यावर माणसं, सामान, इंधन आणि सगळ्याची बेरीज. टेकाडावर चहाला उतरून पुन्हा उडताना किती वजन असेल तेही ती वेगळं काढायची, कारण तिथली पट्टी वाळूची. क्लेमनं तळाचा आकडा वाचला. एक हजार पाचशे सत्तर.

"चुकलंय का काही?" नोलानं विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "उष्णता किती?"

"एकेचाळीस."

लिंडसे गेला त्या दिवशीही टेकाडावरून उडताना पंधराशे सत्तरच होते. त्या दिवशीही एकेचाळीस. योगायोग असतात, अशी मनाची समजूत घालून त्यानं कागद घडी करून खिशात ठेवला.

*

आयरिस पुढं त्याच्या शेजारी बसली, पेटिफर दांपत्य मधल्या रांगेत. मागची दोन आसनं रिकामी होती. तिथले पट्टे बांधलेले, हेडफोन आकड्याला टांगलेले.

वर गेल्यावर कूपर नदी दिसली. तिला नदी म्हणायचं, पण ती एका पात्रात कधी राहतच नाही. तळहातावरच्या रेषांसारखे तिचे शेकडो फाटे लाल मातीवर पसरतात, आणि बहुतेक वर्षं कोरडेच असतात. पाऊस पडतो तो दूर उत्तरेला. इथं आभाळात ढगाचं बोटही नसतं, आणि कित्येक आठवड्यांनी एके दिवशी पाणी येतं. गाजावाजा नाही, लाट नाही. कडेला सुक्या काटक्या आणि पळणारे कोळी ढकलत, माणसाच्या चालीनं येतं. इथली सगळी माणसं त्यावर हिशेब करतात. पाणी अमुक ठिकाणी दिसलं, मग इतक्या वेळानं आपल्या दारात.

आज ते येत होतं. क्लेमनं विमान कलतं करून दाखवलं. लाल जमिनीवर तपकिरी काठ सरकत होता आणि त्याच्यामागं पाण्यात आभाळ पसरलं होतं. पेलिकन पक्षी कुठून कोण जाणे, आधीच येऊन बसले होते.

थेल्माबाईंनी दुर्बीण लावली. "कॅप्टन, पाण्याच्या पुढं कुणीतरी चालतंय."

"एमू असेल, बाई. या दिवसांत फार असतात."

"एमूला हात नसतात," त्या म्हणाल्या. थोडं थांबून, "गेलं. दिसत नाही आता."

क्लेमनं खाली बघितलं. ओल्या काठापुढच्या पांढऱ्याफटक सुक्या चिखलावर एक बारीक रेघ उमटली होती. दोऱ्यासारखी सरळ. तिचं टोक टेकाडाच्या दिशेला होतं. त्यानं विमान सरळ केलं. आयरिसनं मांडीवरचे हात एकमेकांत अडकवले.

*

टेकाडावरच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी टायर पुरलेले आहेत, नऊ जोड्या. लिंडसेनं पुरले, लिंडसेच दर वर्षी पांढरे रंगवायचा. त्या दिवशी तो रंगच देत होता. क्लेम दोन चित्रीकरणवाल्यांना आणि त्यांच्या पेट्यांना घेऊन उतरला होता. वरून पाणी दिसलं होतं, चालीच्या हिशेबानं तीन तासांवर. लिंडसेचं वजन क्लेमला पाठ होतं, एक्क्याऐंशी. त्याला घेतलं तर बेरीज सोळाशे एक्कावन्न. विमानाला मुभा सोळाशे तेहतिसाची. अठरा किलो जास्त.

"जा तू," लिंडसे म्हणाला होता. "चहा तेवढा ठेवून जा."

क्लेम थर्मास ठेवून गेला आणि पन्नास मिनिटांत परत आला. थर्मास तिथंच होता. रंगाचा डबा उघडा होता. एका बुजलेल्या फाट्यातून पाण्यानं टेकाडाला मागून वळसा घातला होता. लिंडसे खाली ट्रॅक्टर आणायला उतरला असावा. ट्रॅक्टर सापडला.

चौकशी झाली तेव्हा क्लेमनं लिहून दिलं की अठरा किलो जास्त झाले असते आणि त्या वाळूवरून, त्या उन्हात, विमान शेवटच्या टायरच्या आत उचललं नसतं. सगळ्यांनी मान डोलावली. पेटीबद्दल कुणी विचारलं नाही. चित्रीकरणवाल्यांची एक पेटी वीस किलोची होती. ती उतरवून ठेवू म्हटल्यावर त्यांनी तोंडं वाकडी केली, आणि क्लेमनं आग्रह केला नाही. तीन तास होते ना हातात.

आज त्यानं डब्यात चहा उकळला, केकचे तुकडे वाटले. पाणी अजून तीन किलोमीटरवर होतं. गॉर्डन माश्या हाकलत म्हणत होते की हा केक आपल्या लग्नातला असावा. आयरिस एकटीच पट्टीच्या टोकापर्यंत जाऊन आली. शेवटच्या टायरवर तिनं हात ठेवला तेव्हा क्लेमनं नजर दुसरीकडं वळवली.

निघण्याआधी त्यानं विमानाभोवती फेरी घातली. मागच्या दाराशी तो थांबला. त्या बाजूनं कुणीच उतरलं नव्हतं.

वाळूत पावलं होती. अनवाणी, मोठ्या माणसाची. उतारावरून वर येत होती, दारापाशी संपत होती. परत जाणारी नव्हती. वाळू कोरडी ठणठणीत, पण पावलं ओली होती, आणि त्यातल्या शेवटच्या पावलात अजून पाणी जिरत होतं.

आयरिस येताना दिसली. क्लेमनं बुटानं ती पावलं पुसून टाकली. आधी एक, मग घाईनं सगळी.

पुढच्या चाकाचा चकचकीत दांडा एरवी चार बोटं दिसतो. आज सहा दिसत होता, आणि शेपटी खाली बसली होती. वाळूचा उतार आहे, त्यानं स्वतःला सांगितलं.

*

सगळे बसल्यावर त्यानं इंजिनाला पूर्ण जोर दिला. इंजिन नेहमीसारखं गरजलं, सुया जिथल्या तिथं होत्या. पण विमान सुटेना. पाठीमागून कुणी धरून ठेवल्यासारखं ते रेटत निघालं. इतक्या वजनाला ते सातव्या टायरशी जमीन सोडतं, हे त्याच्या हाडांत भिनलेलं होतं.

पाचवा गेला. सहावा.

सातव्याला चाकं वाळूतच होती.

थांबायला आता जागा नव्हती. शेपटीला भार होता, मागच्या आसनाइतका मागं. त्याच्या हाताला तो नेमका कळत होता, जसा खांद्यावर ठेवलेला हात कळतो.

आठवा.

नवव्या टायरशी विमानानं जमीन सोडली. खाली उतार सरकला आणि मग पाणी.

उचललं होतं. तीच वाळू, तेच ऊन, तेच पंधराशे सत्तर आणि वर ते जे काय होतं ते. शेवटच्या टायरच्या आत उचलणार नाही असं त्यानं सही करून लिहिलं होतं, ते उचललं होतं. पेटीसुद्धा न उतरवता.

मग हेडफोनमध्ये खर्र झालं. कुणी तोंड उघडलं की ते यंत्र आपोआप जागं होतं. खर्र झालं आणि एक सूर लागला, अगदी खालचा, हॉलची लाकडी जमीन गावी तसा.

संध्याकाळच्या प्रार्थनेचं शेवटचं कडवं.

"वा, कॅप्टन," गॉर्डन म्हणाले. "आवाज लावता की तुम्ही."

क्लेमचे ओठ मिटलेले होते. त्यानं मागं वळून पाहिलं. मागच्या आसनांवर कुणी नव्हतं. आकड्याला एकच हेडफोन टांगलेला होता. दुसऱ्याची तार ताणलेली होती.

आयरिसनं डोळे मिटले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. डोळे न उघडताच ती म्हणाली, "क्लेम, त्या दिवशी खरंच जागा नव्हती का रे?"

सूर थांबला नाही. मंद झाला. ऐकायला माणूस जसा आवाज उतरवतो, तसा.

"एक पेटी होती," क्लेम म्हणाला. "चित्रीकरणवाल्यांची. ती ठेवली असती तर लिंडसे बसला असता. मी ठेवली नाही. आणि हे कुणाला सांगितलंही नाही."

"किती किलोची?"

"वीस."

सूर थांबला. यंत्र खर्र करून मिटलं. टिंडारापर्यंत मग इंजिनाशिवाय काही ऐकू आलं नाही.

*

चाकं जमिनीला लागली ती धप्पकन. पेटिफर दांपत्य उतरलं. आयरिस उतरली आणि कुंपणापर्यंत जाऊन, नदीकडं तोंड करून उभी राहिली. क्लेम तिच्यामागं गेला नाही. क्षमा मागायची तर कुणाकुणाची, हे त्याचं त्यालाच ठरेना.

तो एकटाच विमानाशी उभा होता. चौघंही खाली होते, तरी शेपटी तशीच बसलेली होती. त्यानं मागचं दार उघडलं. आत रिकामं. बाजूला होऊन तो थांबला, का ते त्याला सांगता आलं नसतं. वाट देतात तसा थांबला.

विमान हळूच डुललं. शेपटी वर आली. पुढचा दांडा चार बोटांवर येऊन थांबला.

शेडमध्ये नोला दुपारच्या फेरीचा कागद घेऊन बसली होती. माणसं यायला अजून अवकाश होता. मान खाली घालून ती रेघा मारत होती. दारात काट्याशेजारी क्लेम येऊन उभा राहिला, काट्याला हात न लावता.

टक्.

"एक्क्याऐंशी," नोलानं मोठ्यानं वाचलं. तो आकडा लिहिला. "नाव?"

बाहेर माश्यांचा आवाज येत होता. एखाद्यानं आपलं नाव सांगावं एवढाच वेळ गेला.

नोलाची लेखणी कागदावर टेकली आणि सावकाश चालू लागली. ओळीच्या मध्यावर येऊन थांबली. मान वर न करता तिनं विचारलं,

"आडनाव?"