हरभऱ्यातली ट्रॉली

ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल हसावं. मीही हसलो असतो. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या मामांची आहे आणि माझ्या डोळ्यांदेखत घडली आहे.

अकरा डिसेंबर २०२३. सुलतानपूर आणि बीबी या दोन गावांच्या मधलं आमचं शेत. वेळ सकाळी साडेसहाची. भुतं रात्रीच निघतात असं कोणी सांगितलं असेल, तर ते डोक्यातून काढून टाका.

एक गोष्ट आधी सांगतो. आमच्या भागात रेल्वे नाही. आमच्याकडे गाडी येते ती फक्त पुढाऱ्यांच्या भाषणात. खरं स्टेशन बघायचं तर दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यावी लागतात.

माझे मामा शालिग्राम तिकडे मेन लाइनवर ट्रॉलीमन होते. रूळ तपासायला साहेब ज्या चार चाकांच्या ट्रॉलीवर बसतात, ती ढकलायचं काम. अनवाणी, एका रुळावर पाय टाकत पळायचं. मामी गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, तरी चालताना त्यांचं पाऊल पावलासमोरच पडायचं. आई चिडवायची, "भाऊ, हे आंगन हाय, तुयी लाइन नाई."

त्या दिवशी धुकं असं होतं की पुढचा बांध दिसत नव्हता. रानडुकरांनी हरभरा उकरला का ते बघायला मी आणि मामा निघालो.

तेव्हा आवाज आला...

खड्... खड्... खड्... खड्...

लोखंडावर लोखंड.

"ट्रॅक्टर असन, मामा," मी म्हणालो.

मामा जागच्या जागी थांबले होते. "ट्रॅक्टरचा आवाज असा तुटत नाई रे, हर्षल. हा रुळाच्या जोडाचा आवाज हाय."

आवाज जवळ आला. आणि धुक्यातून ती बाहेर आली...

ट्रॉली. लाकडी फळ्या, चार लोखंडी चाकं. दोघं मागून ढकलत पळत होते, एक वर बसला होता. खाली रूळ नव्हते. खाली आमचा हरभरा होता आणि त्याचं एक पानही हलत नव्हतं.

वीसेक पावलांवर ती थांबली. वर बसलेल्याने मामांकडे बघून विचारलं, "शालिग्राम, झेंडी कुठी हाय बे?"

मामांनी माझं मनगट धरलं होतं. धुकं जरा हललं आणि समोर नुसतं शेत उरलं. मी वाकून बघितलं, तर एक रोपही मोडलं नव्हतं.

घरी आल्यावर मामांनी चहाला तोंड लावलं नाही. सत्तावीस वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी आईसमोर आणि माझ्यासमोर बाहेर काढलं.

"धुकं असलं का एकानं लाल झेंडी घेऊन पुढं पळा लागते. समोरून गाडी आली त थांबवा लागते. त्या दिवशी माही पाळी होती. थंडी लय होती. लाइनच्या बाजूले कोनाची तरी शेकोटी दिसली. मनलं, दोन मिनिटं हात शेकू..."

मामांनी चहाचा कप बाजूला सरकवला.

"ट्रॉली माह्या समोरून निंघून गेली. धुक्यात त्याइले मी दिसलो नाई. त्याइले वाटलं मी पुढंच हाय. जानराव, कडूबा, फकीर मोहम्मद. मालगाडीनं तिघंही नेले."

"मग चौकशीत काय सांगितलं?" मी विचारलं.

"सांगतलं, म्या झेंडी दाखवली, डायवरनं पाह्यली नाई."

मला मामांचा राग आला आणि त्यांची कीवही आली.

मामा पुन्हा शेताकडे जाऊ नयेत म्हणून दोन दिवस आईने दाराला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या उशाखाली ठेवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा धुकं पडलं. मी आईकडून किल्ली घेऊन म्हशीची धार काढायला दार उघडलं, तेवढ्यात मामा निसटले. अनवाणी. हातात काठी, आणि काठीला आईच्या जुन्या लाल पातळाचा तुकडा.

मी मागे धावलो. मामा बांधावरून पळत होते, पाऊल पावलासमोर टाकत. मागून खड्... खड्... येत होतं. मी त्यांना गाठलं आणि त्याच वेळी दुसरा आवाज आला...

इंजिनचा भोंगा.

पायाखालची जमीन थरथरायला लागली.

"सोड मले, हर्षल. गाडी येऊन राह्यली. ते तिघं मांगं हायेत."

मी नाही सोडलं. त्यांना घट्ट धरलं आणि झेंडी हिसकावून घेतली. हा म्हातारा माणूस या थंडीत पळून मरेल, एवढंच मला कळत होतं.

भोंगा आमच्या अंगावरून गेला. वारा नाही, धूळ नाही. नुसता आवाज... मग लाकूड फुटल्याचा... मग काहीच नाही.

मामा माझ्या हातातच गेले. डॉक्टर म्हणाले, हार्ट अटॅक. असेलही. त्यांच्या तळपायांना काळं ग्रीस लागलं होतं, ते आईने डिझेल लावून पुसलं. ते हरभऱ्याच्या शेतात कुठून आलं, हे काही डॉक्टरांनी सांगितलं नाही.

मला वाटलं, संपलं. सुटले बिचारे.

या हिवाळ्यातलं पहिलं धुकं परवा पडलं. मी दार उघडलं नाही, खिडकीतून बघितलं. ती अंगणापर्यंत आली होती. ट्रॉलीवर आता चौघं आहेत. मामा सगळ्यांच्या पुढे उभे होते, माझ्याकडे बघत. त्यांचे दोन्ही हात रिकामे होते.

झेंडी अजून आमच्या घरात आहे, आतल्या खोलीत कोपऱ्यात उभी. आई रोज म्हणते, "देऊन टाक रे बाप्पा, त्याइची हाय ते."

मलाही द्यायची आहे. पण झेंडी नुसती देऊन भागत नाही, ती घेऊन ट्रॉलीच्या पुढे पळावं लागतं. आणि गाडी कोणत्या बाजूने येते, ते मला त्या दिवशी कळलंच नव्हतं.