नऊ विती पाणी

फौजदारसाहेब, तुमच्या अहवालातली तिसरी ओळ खोटी आहे. ‘पंपवाल्याने दुपारी एक वाजता पंप बंद केला व झोपला.’ एक माणूस मेला, दुसरा कोठडीत गेला, आणि तुम्ही त्या ओळीखाली सही ठोकून जेवायला गेलात. ती ओळ कशी उघडी पडली, ते आता ऐका.

मेलेल्या गवंड्याची बायको टाचणीबाईच्या दारात आली, तेव्हा तिच्या हातात एक पिशवी होती. खासगी तपास करणाऱ्या या बाईला सगळे टाचणीच म्हणत. अंगानं बारीक, आणि टोचायची नेमकी दुखेल तिथंच. सोबतीला तिच्या बहिणीचे यजमान, निवृत्त कारकून दाजी. पोट पुढे, डोकं जरा मागे.

“थोरल्या भाऊजींनी माझा नवरा मारला म्हणतात,” गवंड्याची बायको उभ्याउभ्याच म्हणाली. “सांडपाण्याच्या टाकीचं काम चाललंय, तिथला पंप भाऊजींकडे. त्यांनी तो बंद केला, टाकी उचलली गेली आणि भिंतीनं ह्यांना चिरडलं. उद्या भाऊजींना कोर्टात उभं करतायत. खरं असेल तर त्यांचं तोंड बघायचं नाही मला. खोटं असेल तर घरी न्यायचंय.”

“काँक्रीटची टाकी उचलली गेली?” दाजी हसले. “टाकी आहे की सूप?”

“रिकामी टाकी म्हणजे होडीच, दाजी,” टाचणी म्हणाली. “खड्ड्यात जमिनीतलं पाणी साठलं की तरंगायला बघते. म्हणून एक तर पंप अखंड चालू ठेवायचा, नाहीतर टाकीत पाणी भरून ती दाबून धरायची.”

पिशवीत थापी होती, ओळंबा होता आणि एक जड लोखंडी पाना.

“पाना आमचा नाही,” बाई म्हणाली. “पण ह्यांच्या मुठीत होता. बोटं सोडवावी लागली म्हणे.”

कोठडीत पंपवाला भिंतीकडे तोंड करून बसला होता.

“बटण मीच दाबलं,” तो म्हणाला. “झालं समाधान?”

“किती वाजता?”

“धाकटा गेला माझा. आता किती वाजले होते, त्याचं काय लोणचं घालायचंय?”

बाहेर येताच दाजी पुटपुटले, “संपलं की प्रकरण! स्वतःच्या तोंडानं कबूल केलं त्यानं.”

“त्यानं बटण कबूल केलं, दाजी. झोप नाही.”

कामाच्या फाटकातून आत शिरताना दाजींनी सपशेल लोटांगण घातलं. हातभर जाडीचा पाइप फाटकासमोरचा रस्ता आडवा ओलांडून नाल्यात जात होता. सांध्यांतून गळणाऱ्या पाण्यानं रस्त्याचा नुसता राडा झाला होता.

“सगळेच धडपडतात इथं,” म्हातारा मुकादम त्यांना उठवत म्हणाला. “पंपाचं पाणी याच पाइपातून जातं. वरचे तुकडे सुटे होतात, पण मुख्य सांधा तिकडे खाली. टाकीची भिंत नि खड्ड्याच्या कडेला ठोकलेले पत्रे यांच्या फटीत. पाइप काढला की तोही सुटतो, मग शिडीवर उभं राहून पान्यानं आवळावा लागतो.”

“पंप थांबला तर खड्ड्यात पाणी किती चढतं?”

“तासाला वीतभर. उन्हाळा असो की पावसाळा.”

“त्या दिवशी पंप कधी थांबला?”

मुकादमानं नजर खाली घातली. “समारंभ होता ना, मी पाहुण्यांच्या खुर्च्या मांडत होतो.”

खड्ड्याच्या लोखंडी पत्र्यांवर चिखलाची एक सरळ रेघ वाळून बसली होती. टाचणीनं मुकादमाला खाली उतरवलं आणि तळापासून रेघेपर्यंत त्याच्याच हातानं विती मोजायला लावल्या. नऊ भरल्या. मुकादमाचा हात पत्र्यावर तसाच राहिला.

पंपाशेजारी पाटी होती : ‘टाकी रिकामी असताना पंप थांबवू नये. हुकुमावरून.’ खाली मोठ्या साहेबांची सही.

इंजिनिअर तरुण होता आणि सारखा घाम पुसत होता. त्यानं नोंदवही पुढे सरकवली. सकाळी सहापासून एकपर्यंत दर तासाला ‘चालू’.

“एकला पाहुणे गेले, हा पंप बंद करून झोपला,” तो म्हणाला. “तीनला टाकी हलली. सव्वातीनला आम्ही पंप सुरू केला.”

“आणि गवंडी त्या फटीत कशाला उतरला?”

“भावाला उठवायला.”

“भाऊ फटीत झोपला होता?”

इंजिनिअरनं ग्लासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. त्याच्या डोक्यावर त्या दिवशीच्या समारंभाचे दोन ताजे फोटो टांगले होते. एकात पाहुणे गाडीतून फाटकासमोरच्या गालिच्यावर उतरत होते. दुसऱ्यात तेच पाहुणे टाकीच्या कोरड्या तळावर उभे राहून हसत होते.

“फोटो झकास आलाय हो!” दाजी म्हणाले.

“त्याच्यासाठीच तर माणूस गेला,” टाचणी म्हणाली.

चौकशीवर शेवटचा शिक्का मारायला मोठे साहेब संध्याकाळी आले. टाचणीनं इंजिनिअर, मुकादम आणि गवंड्याची बायको, सगळ्यांना फोटो असलेल्या त्याच खोलीत बसवलं.

“दोनच मिनिटं आहेत,” साहेब म्हणाले.

“पुरेत. पंप एकला थांबला असता तर तीनपर्यंत दोन विती पाणी चढलं असतं. रेघ नऊ वितींवर आहे. तासाला एक वीत. म्हणजे पंप सकाळी सहालाच थांबला. ही वही खोटी.”

“रेघ जुनी असेल,” साहेब म्हणाले.

“मग या फोटोतला गालिचा बघा. कसा सपाट आहे! दाजी, तुम्ही कशावर आपटलात?”

“पाइपावर,” दाजी म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “अगं, पाइप कुठंय?”

“काढला होता. पाहुण्यांच्या बुटांना राडा लागू नये म्हणून. पाइपच नाही, तर पंप चालणार कसा? बरं, मग टाकीत पाणी तरी भरायचं. तेही नाही, कारण पाहुण्यांना तळावर उभं राहून फोटो हवा होता. एकला गाड्या गेल्या. विखुरलेले तुकडे गोळा करून जोडण्यात दोन तास गेले. राहिला फटीतला सांधा. तो आवळायला गवंडी पाना घेऊन उतरला. सव्वातीनला पंप लगेच सुरू कसा झाला? शेवटचा बोल्ट त्यानं आवळून ठेवला होता म्हणून.”

 मग इंजिनिअर रडायलाच लागला. “पंपवाल्यानं तीनदा सांगितलं होतं, टाकीत पाणी तरी सोडा म्हणून. मी म्हटलं, वरून फोन आलाय, दाब बटण. वही मी नंतर भरली.”

“वरून म्हणजे कोण?” टाचणीनं विचारलं.

 इंजिनिअर साहेबांकडे बघत राहिला.

“चौकशी चालू आहे,” म्हणत साहेब उठले.

गवंड्याची बायको दारात जाऊन उभी राहिली. दाजींना वाटलं, ही आता हंबरडा फोडणार. तिचा आवाज मात्र चढला नाही.

“साहेब, पंप थांबवू नका म्हणून सही करणारे तुम्ही. म्हणजे टाकी उचलते, हे तुम्हाला ठाऊक होतं. भाऊजींना मी आज घरी नेणार आहे, ते ठरलं. तुम्ही एवढंच सांगा. फोन उचललात तेव्हा खाली माणसं असतात, हे तुमच्या ध्यानात होतं की नव्हतं? हो म्हणा, नाही म्हणा. बोलल्याशिवाय मी दारातून हलत नाही.”