दुसरा जखमी

दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरली की मी एका जवानाच्या घरी ड्रेसिंगला जायची. लष्करी इस्पितळाने हात टेकले होते. तोफगोळ्याची कपची पोटातून काढली, पण जखम काही भरेना. ‘घरी न्या,’ म्हणाले. म्हणजे काय, ते त्याच्या आईला कळलं होतं. तिने पुढच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली आणि रडणं आवरतं घेतलं.

पोरगा हसरा होता. पट्टी सोडताना ओठ आवळायचा. “सिस्टर, हळू हं... पुन्हा उसवलं तर शिवायला कापड उरलं नाही आता.”

त्या दिवशी धुकं हटलंच नव्हतं. भर दुपारी खोलीत दिवा लावावा लागला. औषधाच्या उग्र वासाखाली जखमेचा गोडसर वास दबून होता. मी पट्टी सोडत होते, पण तो दाराकडे बघत होता.

“आई, त्याला आत घे ना... कधीचा उभा आहे.”

दारात कोणी नव्हतं.

“कोण रे बाळा?”

“माझा जोडीदार. एकाच खंदकात होतो आम्ही. मला उचलायला आला आणि... तिथेच राहिला. त्याला घरचं कुणी नाही गं.”

मला वाटलं, तापात बरळतोय. आईने मात्र उठून दार सताड उघडलं.

“ये रे.”

धुकं तेवढं आत आलं. त्याबरोबर खोल खणलेल्या ओल्या मातीचा वास. जवानाने सुटल्यासारखा श्वास सोडला... परत घेतला नाही.

न्यायला शेजारचे चौघे आले. पोराची नुसती हाडं उरली होती, तरी खाट हलेना. शेजारचा सुतार म्हणजे धिप्पाड गडी, तोही घामाघूम झाला. “एवढं वजन कसलं हे?”

आई पुढे झाली. मुलाच्या पायथ्याशी, रिकाम्या जागेवर वाकून हळूच म्हणाली, “ऊठ बाळा. जाऊ दे त्याला. तू राहा माझ्यापाशी.”

खाट इतकी अचानक उचलली गेली की चौघांचा तोल गेला.

पुढे बऱ्याच दिवसांनी ती दवाखान्यात आली. डोळे खोल गेलेले.

“झोप लागते का मावशी?”

“कुठली झोप! कण्हत असतो ना तो.” मग तिने आवाज खाली आणला. “सिस्टर, गळ्याची जखम कशी बांधायची गं? श्वास कोंडणार नाही अशी...”

जोडीदाराला कुठे लागलं होतं, हे जवानाने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

 स्वतःच्याच गळ्याभोवती पट्टी गुंडाळून मी तिला दाखवलं. तिने ती नीट घडी करून घेतली, दाराशी जाऊन कुणाला तरी “चल” म्हणाली आणि एक हात कुणाच्या कमरेला दिल्यासारखा धरून पायऱ्या उतरू लागली. अर्ध्यावर थांबली. कुणाचा तरी दम परत येईपर्यंत तशीच उभी राहिली.